बिघडलेला मुलगा आणि मराठी लेखक

आपल्या कथा-कादंबऱ्यांतून वाईट मार्गाला लागलेली मुले वाचकांनी एकदा सवडीने आठवून पाहावीत. एका प्रकरणात मुलगा दप्तर घेऊन शाळेला निघालेला असतो. पुढल्या प्रकरणात त्याच्या खिशात चाकू असतो. मधली तीन-चार वर्षे कोठे गेली, हे बहुधा कोणी सांगत नाही. लेखक त्या वर्षांवरून उडी मारतो. त्याच्यावर विश्वास ठेवून वाचकही उडी मारतो. आणि पलीकडे पोचल्यावर दोघे मिळून हळहळतात. हळहळण्यासाठी जी सामग्री लागते ती सगळी तेथे तयार असते: दारुडा बाप, खोकणारी आई, गळके छप्पर आणि कोपऱ्यावरचा दादा. नसतात ते फक्त दिवस. ज्या दिवसांनी तो मुलगा बिघडला, ते साधे, कंटाळवाणे, एकासारखे एक असे दिवस.

हा आक्षेप मी इतरांवर घेतो आहे, असे कोणी समजू नये. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी मुले शिकवतो. माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपुरते. तेव्हा शास्त्राच्या अधिकाराने बोलण्याचा आव मला आणता येणार नाही. परंतु ज्या मुलांची हजेरी मी सकाळी घेतो, त्यांच्याविषयीच मी रात्री लिहितो. आणि सकाळचे मला जे ठाऊक असते ते रात्रीच्या लिखाणात का उतरत नाही, हा प्रश्न मला काही वर्षे छळतो आहे. प्रस्तुत लेख त्या छळातून निघालेला आहे.

१

मुलगा का बिघडतो, या प्रश्नाला आपल्या वाङ्मयाने आजवर मुख्यतः दोन उत्तरे दिली. एक संस्कारांचे आणि दुसरे परिस्थितीचे. पहिल्या उत्तराचा आदर्श ग्रंथ म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकाने मराठी घराला एक मापदंड दिला. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ते पडद्यावर आणले आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुढे १९६५ साली भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत हेच अत्रे आघाडीवर होते. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. संस्कारांचे उत्तर ज्याने मनापासून स्वीकारले, त्याला नाक्यावरच्या पोक्यात आईवाचून वाढलेला श्याम दिसणार. आणि त्या दृश्याचा त्याला राग येणार, हे ओघानेच आले.

तथापि ‘श्यामची आई’ तरी आपण नीट वाचली आहे काय? त्या पुस्तकात ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या नावाची एक रात्र आहे. श्याम पैसे चोरतो, आणि चोरतो कशासाठी, तर पुस्तकासाठी. ज्याला आपण सद्गुणाचा पुतळा मानला, तो मुलगा चोर आहे, पळपुटा आहे, भित्रा आहे. हे गुरुजींनी कोठेही लपविलेले नाही. त्या आईचे मोठेपण आपण तिच्या उपदेशात शोधत आलो. मला ते तिच्या नजरेत दिसते. मुलगा पोहायला जायचे टाळून लपून बसला, हे तिला त्याच दिवशी ठाऊक असते. पैसे गेले तर त्याचा जाब ती विचारते. चूक बोटाएवढी असतानाच तिची आणि आईची गाठ पडते; आणि गाठ पडल्यानंतर, शिक्षा झाल्यानंतर, मुलगा पुन्हा तिच्या कुशीत येतो. रागावणे आणि जवळ घेणे या दोहोंच्या मध्ये फार वेळ जाऊ दिलेला नाही. हे सगळे दिवसांचे काम आहे. आणि म्हणूनच गुरुजींनी पुस्तक एका रात्रीत न संपवता रात्रीमागून रात्र सांगितले. आपण त्यातून ‘संस्कार’ हा एक शब्द तेवढा उचलला आणि दिवस टाकून दिले.

२

आता ‘वासूनाका’कडे वळू. पोक्या आणि त्याचे सोबती यांची भाषा ओंगळ आहे, वागणूक त्याहून ओंगळ आहे. रस्त्याने जाणाऱ्या मुलींना ही पोरे जो त्रास देतात तो हसण्यावारी नेण्याजोगा खचित नाही. पाध्यांनी त्यांचा कैवार घेतलेला नाही आणि त्यांना फासावरही दिलेले नाही. पोक्याला त्यांनी बोलू दिले आहे, एवढेच. त्या वेळच्या वाचकांना खटकले ते हेच. पापाच्या मागोमाग शिक्षा यावी, निदान पश्चात्ताप तरी यावा, अशी त्यांची अपेक्षा होती. आणि पाध्ये त्यांना नाक्यावर नुसते उभे करून निघून गेले.

परंतु पाध्यांनी जे पाहिले होते त्याला पुढे शास्त्राचाही दुजोरा मिळाला. न्यूझीलंडमधील डनेडिन या गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा माग अभ्यासक त्यांच्या जन्मापासून ठेवीत आले आहेत. त्या अभ्यासात काम करणाऱ्या टेरी मॉफिट या विदुषीने १९९३ साली असे मांडले, की उपद्रवी मुलांत दोन जाती असतात आणि त्या वरून सारख्या दिसतात. एका जातीची मुले संख्येने पुष्कळ. ती मिसरूड फुटताना बिघडतात आणि नोकरी, संसार वगैरे अंगावर आले म्हणजे बहुतेक आपोआप सुधारतात. दुसऱ्या जातीची मुले थोडी. ती अगदी लहानपणापासून, चौथ्या-पाचव्या वर्षापासून, चावरी, हट्टी, अस्वस्थ असतात. त्यांना शाळा जमत नाही, घराला ती जमत नाहीत. आणि त्यांचे वागणे वय वाढले तरी सुटत नाही.

या दृष्टीने पाहता नाक्यावरची बरीचशी पोरे पहिल्या जातीची ठरतात. ती वयाने मोठी झाली आहेत, पण मोठेपणाचे काम त्यांना कोणी दिलेले नाही; म्हणून मोठेपणाची सोंगे ती नाक्यावर करीत उभी आहेत. त्यांच्यावर संतापलेल्या सभ्य समाजाने त्यांना दुसऱ्या जातीची समजण्याची चूक केली. ही चूक साधी नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलाला तुम्ही जन्माचा गुंड म्हणालात, पोलिसांच्या वहीत त्याचे नाव चढवलेत, की जो दोन वर्षांत नाका सोडून गेला असता त्याची परत जायची वाट तुम्हीच बंद करता.

आणि दुसरी जात? तिच्याविषयी मराठी कादंबरीला फारसे काही ठाऊक नाही. कारण ती जात वयाच्या पाचव्या वर्षी सुरू होते, आणि आमचा नायक पहिल्या पानावरच पंधरा वर्षांचा असतो.

३

बिघडणे हेही शिकावे लागते, त्याचीही शाळा असते, हे ज्या मराठी पुस्तकांनी दाखविले त्यांत मी दोघांना अग्रमान देईन. जयवंत दळवी यांचे ‘चक्र’ १९६३ साली आले. झोपडपट्टीतला बेन्वा हा मुलगा लुक्काच्या भजनी लागतो. लुक्का बदमाश आहे, हे वाचकाला कळते, बेन्वाच्या आईला कळते. बेन्वालाही कळत नसेल असे नाही. मग तो त्याच्यामागे का जातो? दळवींनी याचे व्याख्यान दिलेले नाही. पण पुस्तक वाचताना उत्तर मिळते. त्या सगळ्या वस्तीत त्या पोराकडे मान वळवून बघायला ज्याला सवड आहे, असा पुरुष लुक्काच आहे. ज्याच्याकडे सवड, तो गुरू. आम्हां शिक्षकांनी हे वाक्य वर्गाच्या दारावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

दुसरे पुस्तक लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. हे १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. येथे तर शाळा अगदी उघड आहे. चोरीत पकडला गेल्यावर तोंडून नाव फुटू नये म्हणून पोरांना मार सोसायला शिकवितात. हात हलका करायला शिकवितात. जो शिकेल त्याचे कौतुक होते. धडा, सराव, परीक्षा, शाबासकी, सारे काही यथास्थित आहे. इतक्या चिकाटीने आम्ही आमच्या शाळांतून गणित शिकविले असते तर! आणि लक्ष्मण जेव्हा खऱ्या शाळेत जाऊ लागतो, तेव्हा वस्तीतली पोरे आजारी पडतात याचा दोष त्याच्या शाळेत जाण्याला दिला जातो. वाचकाला प्रथम हसू येते. मग लक्षात येते, की या लोकांच्या अनुभवात शाळेने, चावडीने, ठाण्याने आजवर वाईटाखेरीज दिले तरी काय होते?

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला. मुलाने काही करण्याच्या अगोदर, तो पाळण्यात असतानाच, त्याचे नाव ठेवून मोकळे होणारा हा कायदा होता. त्या कायद्याखाली माणसांना ठाण्यावर जाऊन हजेरी द्यावी लागे. ‘हजेरी’ हा शब्द मी रोज उच्चारतो; ‘उचल्या’ वाचल्यापासून तो उच्चारताना माझी जीभ क्षणभर अडखळते. एक हजेरी सांगते, तू आलास, बस. दुसरी सांगते, तू पळाला नाहीस ना, बघू. वही तीच, नाव तेच. बोलावणाऱ्याच्या मनात काय आहे एवढाच फरक. आणि ज्याचे नाव पुकारले जाते त्याला तो फरक नेमका कळतो.

आजच्या कायद्याने ‘बालगुन्हेगार’ हा शब्द टाकून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा एक अगडबंब शब्द घेतला आहे. त्याची थट्टा करणे सोपे आहे, आणि मीही ती केली आहे. पण त्या शब्दामागचा विचार नीट पाहावा. गुन्हा हे मुलाचे नाव नव्हे, त्याच्यावर आलेला प्रसंग आहे, एवढेच तो शब्द लटपटत सांगू पाहतो. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली, तेव्हा देशभर वाद झाला. परंतु तो सगळा वाद सोळाव्या वर्षानंतर काय करावे याचा होता. सोळाव्या वर्षापूर्वीच्या वर्षांविषयी सभागृहांतून फारसे कोणी बोलले नाही. कादंबरीकारांप्रमाणेच कायदेकर्त्यांनीही त्या वर्षांवरून उडी मारली.

४

परिस्थितीच्या उत्तराची खरी कसोटी जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात लागते. हे नाटक १९९७ सालचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आणि संप संपल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरणगावातल्या एका खोलीत धुरी कुटुंब राहते. बाबा, मोहन आणि नऱ्या असे तीन भाऊ. एक लेखक व्हायचे म्हणतो, दुसरा क्रिकेटमध्ये जीव रमवतो, तिसरा टोळीत जातो. ज्यांना परिस्थितीचे उत्तर पुरेसे वाटते त्यांनी या खोलीत थोडा वेळ बसावे. संप तोच, आई तीच, बापाची वाताहत तीच, छप्पर तेच. मग तिघेही टोळीत का गेले नाहीत?

पवारांचे मोठेपण असे, की त्यांनी हा प्रश्न घाईने सोडवला नाही. संपाने तिघांचेही भविष्य काढून घेतले, हे त्यांनी ठणकावून सांगितले. पण त्या रिकाम्या जागेत कोणाला काय सापडले, हे प्रत्येकाचे वेगळे ठेवले. नऱ्याला जे सापडले त्यात पैसा होता, भय होते आणि त्या भयातून मिळणारा मान होता. परिस्थिती दार उघडून देते. आत कोण बोलावतो, आणि बाहेर कोणी थांबवतो की नाही, यावर पुढचे ठरते. ‘अधांतर’ पाहून घरी जाणाऱ्या प्रेक्षकाला ‘गरीब बिचारा नऱ्या’ असे म्हणून सुटता येत नाही आणि ‘नालायक नऱ्या’ असेही म्हणता येत नाही. या विषयावरच्या मराठी लेखनात ही समतोल नजर दुर्मिळ आहे.

तरीसुद्धा, नऱ्या आपल्याला भेटतो तो तयार झालेला. त्याचे शाळेतले बाक आपण पाहिलेले नाही. नाटकाला ते दाखविता येणार नाही, हे मान्य. दोन-अडीच तासांत किती दाखवावे? पण कादंबरीला ते दाखविता येते. तिच्याजवळ पाने आहेत, सवड आहे. आणि कादंबरीकाराने, म्हणजे मी, काय केले?

५

आता कबुलीची वेळ आली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. मराठीच्या तासाला आम्ही धडा वाचवून घेत असू. एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा, बाकाबाकाने पाळी पुढे सरकायची. हा मुलगा शेवटून दुसऱ्या बाकावर. त्याची पाळी यायला दोन मुले उरली, की हमखास काहीतरी होई. पुढच्याची टोपी उडे, बाक करकरे, कोणीतरी ओरडे. मी म्हणे, “ऊठ. बाहेर हो.” तो निमूटपणे बाहेर जाई. वर्ग शांत होई, धडा पुढे सरके. असे वर्षभर चालले. वर्षाअखेरी त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी ‘बेशिस्त’ असा शेरा लिहिला. अक्षर माझे चांगले आहे.

त्या मुलाला वाचता येत नव्हते. सातवीत आलेल्या मुलाला चार ओळी सलग वाचता येत नव्हत्या, आणि ते वर्गाला कळण्यापेक्षा गुंड म्हणवून घेणे त्याला परवडत होते. ही गोष्ट मला त्या वर्षी कळली नाही. का कळली नाही? कारण त्याला बाहेर घालविल्याने मलाही शांतता मिळत होती. त्याची सुटका होत होती, माझीही होत होती. ऑरेगॉनमधील जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घराघरांतून आईबाप आणि मुले यांच्या रोजच्या कुरबुरी बसून नोंदविल्या आणि असाच व्यवहार दाखवून दिला: मूल आकांडतांडव करते, आई थकून माघार घेते, मूल गप्प होते, आईला हायसे वाटते, आणि दोघेही नकळत तेच पुन्हा करायला शिकतात. वाईट वागणे असे दिवसाला दिवस जोडून, दोन्ही बाजूंच्या संमतीने पक्के होत जाते. यात राक्षस कोणीच नसतो. म्हणूनच ते कादंबरीकाराच्या नजरेतून सुटते. आम्हांला राक्षस पाहण्याची सवय.

मुलगा नववीत शाळा सोडून गेला. पुढे एका मोटारसायकलच्या चोरीत सापडल्याचे कानावर आले. मला वाईट वाटले. आणि लेखकाला वाईट वाटले म्हणजे तो जे करतो तेच मी केले. मी कादंबरी लिहिली. तीत असा एक मुलगा होता, दारुडा बाप होता, गळके छप्पर होते, आणि शेवटी पोलीस मागे लागले असता तो मुलगा पुलावरून पडून मरत होता. एका जाणत्या समीक्षकाने शेवटाची वाखाणणी करताना ‘अटळ’ हा शब्द वापरला. मी ते कात्रण जपून ठेवले.

कादंबरी निघाल्यावर काही वर्षांनी माझी गाडी रस्त्यात बंद पडली, म्हणून ती ढकलत मी एका गॅरेजात गेलो. हाताला ऑइल लागलेला एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, “सर, ओळखलंत का?” तो जिवंत होता, लग्न झालेले होते, मुलगी बालवाडीत जात होती. गाडी दुरुस्त होईपर्यंत आम्ही बोललो. मी धीर करून वर्गातली गोष्ट काढली. तो हसला. म्हणाला, “तुम्ही मला कधी वाचायला लावलंच नाही, सर. मीही लावू दिलं नाही. बरं चाललं होतं आपलं.”

मी विचारले, मग सुधारलास कसा? सुधारणे हा शब्द त्याला आवडला नसावा. तो म्हणाला, “उस्तादनं ठेवून घेतलं.” आणखी काय केले? “काही नाही. रोज संध्याकाळी हत्यारं मोजायची. पाने, पकडी, सगळं. सगळ्या पोरांनी मोजायची, एकट्या माझीच नाही. कमी भरलं तर पगारातून कट. दुसऱ्या दिवशी परत कामाला.” सुरुवातीला दोनदा कमी भरले होते. कोणी उचलले होते, ते त्याने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. वाचायला कोठे शिकलास? “पान्यांवर नंबर असतात ना. दहा-अकरा, बारा-तेरा. मग खोक्यांवरची नावं.”

६

माझ्या कादंबरीतला मुलगा मेला, आणि ज्याच्यावरून तो घेतला तो माझ्या गाडीचे प्लग साफ करीत होता. त्याचे न मरणे हा माझ्या कादंबरीवरचा सर्वांत कठोर अभिप्राय होता. कारण ज्याला समीक्षकाने ‘अटळ’ म्हटले ते अटळ नव्हतेच. ते सोपे होते. मुलाला मारून टाकले म्हणजे पुढे काय करावे हा प्रश्न लेखकाला पडत नाही, आणि शिक्षकालाही पडत नाही.

मराठी लेखकाला पडणे लिहिता येते, सावरणे लिहिता येत नाही, असे माझे मत झाले आहे. सावरणे आले की आम्ही एक सद्गृहस्थ आणतो, तो एक भाषण करतो, मुलाच्या डोळ्यांत पाणी येते, काम झाले. प्रत्यक्षात असे होत नाही, आणि नुसत्या सद्भावनेने तर मुळीच होत नाही, याचा एक विलक्षण पुरावा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली पाचशेच्या वर मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना मायाळू सल्लागार दिले, शिकवण्या दिल्या, कित्येकांना उन्हाळी शिबिरांना धाडले. बाकीच्या निम्म्यांना काहीच दिले नाही. सुमारे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या विदुषीने त्या मुलांचा शोध घेतला आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. मदत मिळालेली मुले बाकीच्यांहून बरी निघाली नव्हती. काही बाबतींत अधिक वाईट निघाली होती. पुढच्या अभ्यासात असे आढळले, की पुनःपुन्हा शिबिरांना गेलेल्यांचे नुकसान विशेष झाले. उपद्रवी मुले एका जागी गोळा केली की ती एकमेकांना शाबासकी देतात; शिबिरालाच नाक्याचे रूप येते.

याचा अर्थ काही करू नये असा नाही. काय केल्याने गुण येतो, हेही आज बरेच ठाऊक आहे. फक्त ते रंगतदार नाही. लवकर सुरुवात करावी. मूल पाच वर्षांचे असताना, पंधराचे झाल्यावर नव्हे. आईबापांना दोष देण्याऐवजी हात द्यावा. मुलाने सरळ वागलेले दिसले की तेवढ्यातच दखल घ्यावी, आणि वाकडे वागला तर शिक्षा लहान, ठरलेली आणि न चुकणारी असावी, हे त्यांना शिकविता येते. पॅटरसनने ते शिकवून दाखविले. वाचता न येणाऱ्याला वाचायला शिकवावे. अशा मुलांचा कळप करू नये. चांगल्या चाललेल्या मुलांत त्याला जागा द्यावी. नजर ठेवावी, पण सगळ्यांवर ठेवावी. त्या उस्तादाने यातले एकही पुस्तक वाचलेले नव्हते. त्याच्या संध्याकाळच्या मोजणीत मात्र यातले बरेचसे होते. ती हजेरीच होती, पण ठाण्यावरची नव्हे. तीत सर्वांची नावे होती आणि उद्याचा दिवस होता.

सावरण्याची गोष्ट दाखवू पाहणारी एक अलीकडची कलाकृती सांगतो. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ साली आला. भाषा हिंदी असली तरी मुलूख नागपूरचा आहे. आणि तेथे विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देऊन जे काम केले त्याचा त्याला आधार आहे. चित्रपटाचा पूर्वार्ध लोकांना आवडला आणि उत्तरार्ध लांबला अशी तक्रार पुष्कळांनी केली. मला उत्तरार्धच मोलाचा वाटला. मुले सुधारली, खेळू लागली, आता परदेशी जायचे. तर कागद नाहीत, पारपत्र नाही, आणि एकाच्या नावावर पोलिसांतले जुने प्रकरण आहे. येथे चित्रपट रेंगाळतो, कारण परतीची वाट खरोखरच रेंगाळते. मुलगा मनाने परत आला तरी त्याचा कागद परत आलेला नसतो. पडण्याला एक क्षण पुरतो असे आम्ही लिहितो; सावरण्याला किती खिडक्यांपुढे उभे राहावे लागते, हे मंजुळे यांनी दाखविले. त्यांच्याही हातून काही जागी भाषण झाले आहे, नायक थोडा अधिक उंच झाला आहे. पण त्यांनी उडी मारली नाही, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

वाङ्मयाने समाज सुधारावा, असा माझा आग्रह नाही. उस्तादाचे काम उस्तादाने करावे. लेखकाचे काम खरे पाहण्याचे आहे, आणि माझी तक्रार एवढीच आहे, की या एका बाबतीत आम्ही पाहिले नाही. जो मुलगा आमच्या पुस्तकांत मरतो, त्याच्यासारखीच बहुतेक मुले गावात कोठेतरी जगत असतात. कोणी सावरलेली, कोणी अर्धी सावरलेली, कोणी पुन्हा घसरून पुन्हा उठलेली. त्यांची गोष्ट लिहायला कठीण आहे. तीत पुलावरून उडी नाही. तीत फक्त एका माणसाने दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर घेणे आहे, आणि तिसऱ्या दिवशीही.

ती कादंबरी मी पुन्हा लिहायला घेतली आहे. सातवीतल्या त्या तासापाशीच अडून बसलो आहे; धडा चालू आहे, पाळी सरकते आहे, शेवटून दुसऱ्या बाकावर तो बसलेला आहे आणि त्याच्या पुढे दोन मुले उरली आहेत. लिहिण्याचे जमेल तेव्हा जमेल. वर्गात मात्र मी एक बदल केला आहे. ज्याला उद्या वाचायचे आहे त्याला त्याचा परिच्छेद मी आज सुट्टीनंतर दाखवतो, आणि आम्ही दोघे तो एकदा वाचतो. सगळ्यांना दाखवतो, हुशार मुलांनासुद्धा. त्यांना ते विनाकारण वाटते. वाटू दे.